पाखरे बोलावणारे बुजगावणे

आमच्या जिन्यात त्यांना कोणीही नावाने हाक मारीत नसे. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, कोटांच्या विभागात उभे राहून त्यांनी सारी नोकरी काढली होती, आणि परक्यांच्या खांद्यांवर कोट चढवता चढवता त्यांच्या स्वतःच्या खांद्यांनाही कोटाची चटक लागली होती. दुधाची पिशवी आणायलाही ते कोट घालून उतरत. चांदीसारखे केस मागे वळवलेले, पाठ छडीसारखी ताठ, आणि बोलणे असे की भाजीवाल्याला वाटावे, हा माणूस पालेभाजी नाही, सगळा मळाच विकत घ्यायला आला आहे. त्या भाजीवाल्यानेच त्यांना पहिल्यांदा ‘हुजूर’ म्हटले. त्यात कुचेष्टा होती. ती त्यांना कळली नाही. त्यांनी मान किंचित लववून तो किताब स्वीकारला, आणि तेव्हापासून ते साऱ्या जिन्याचे हुजूर झाले.

काकू, म्हणजे त्यांची पत्नी, निराळ्या मातीची. त्याच दुकानातल्या विजारींच्या टिपा त्या घरी बसून मारत. शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी होते. एक डोळा सुईवर आणि एक शेगडीवर ठेवून बोलण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचे बोलणेही टीप मारल्यासारखे सरळ आणि घट्ट असे. हुजूर निवृत्त झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “आता दुकानातला पुतळा घरी आला. धूळ मलाच झटकावी लागणार.”

कोपऱ्यावरच्या टायरच्या गोदामाच्या जागी ते उंची इटालियन उपाहारगृह उघडले, ते याच सुमारास. उघडण्यापूर्वी कामगारांनी गोदामाच्या भिंतींचा धडधाकट गिलावा खरवडून काढला आणि आतल्या विटा उघड्या पाडल्या. खेड्यात आमच्या घराच्या भिंतीला गिलावा नव्हता म्हणून पाहुणे आले की आई तिच्यावर चादर टांगायची. येथे खर्च करून भिंत नागडी केली होती आणि तिच्यावर दिव्यांचा झोत सोडला होता. छतातून वायरीला लोंबकळणारे दिवे, त्यांच्यावर टोपी नाही. पाण्यासाठी जुन्या औषधांच्या असाव्यात तशा बाटल्या. सुपाएवढ्या ताटल्या आणि त्यांच्या मधोमध चिमणीला टाकावा तेवढा घास. त्या घासावर तुळशीच्या लांबच्या नात्यातले एक पान. आजाऱ्याला देतात तसल्या गुरगुट्या भाताला तेथे रिसोटो म्हणत, आणि तो खाताना लोक डोळे मिटून घेत. डोळे का मिटत, ते पदार्थांचे दरपत्रक पाहिल्यावर कळे.

या जागेची दुखरी नस एकच होती. संध्याकाळी दिवे लागल्यापासून गर्दी होईपर्यंतचा वेळ. हौशी लोक रिकाम्या उपाहारगृहात पाऊल टाकत नाहीत. दुसऱ्या कोणी आधी फसून दाखवावे लागते. एका संध्याकाळी हुजूर त्या काचेसमोर थांबून आपल्या प्रतिबिंबाच्या कोटाची कॉलर नीट करीत होते. हा माणूस काचेच्या आत किती शोभला असता, हे तेथल्या मॅनेजरबाईंना बाहेर येऊन पाहताक्षणी कळले. बाई तरुण होत्या, आणि कोणत्याही माणसाकडे खुर्चीचे माप घेतल्यासारखे पाहत.

“काका, संध्याकाळी काय करता?”

“संध्याकाळी मी...” हुजूर अडखळले. काहीच न करण्याला भारदस्त शब्द त्यांना पटकन सापडेना. “चिंतन.”

“मग आमच्याकडे बसून करा. खिडकीतलं टेबल तुमचं.”

अशी ती नोकरी लागली. काम सोपे होते. काचेला लागून असलेल्या टेबलाशी, रस्त्यावरून चेहरा दिसेल असे बसायचे. समोर एक कॉकटेलचा उंच पेला. त्यात बीट उकळलेले पाणी, कडेला संत्र्याच्या सालीची चकती, आणि आत प्लास्टिकचा बर्फ. कारण खरा बर्फ वितळतो आणि रंग फिका पडतो. पेल्याशेजारी पास्त्याची ताटली. तो पास्ता सकाळी उकडून त्याच्यावर कुंचल्याने तेल फिरवलेले असे, म्हणजे तो रस्त्याच्या पलीकडूनही चकाकावा. काटा पास्त्यात फिरवायचा, ओठांपर्यंत न्यायचा, काहीतरी सुचल्यासारखे हसायचे आणि काटा खाली ठेवायचा. खायचे मात्र नाही. अर्धवट खाल्लेली ताटली रस्त्यावरून उष्टी दिसते, असे बाईंचे म्हणणे होते. शिवाय तीच ताटली दुसऱ्या दिवशीही तेलाचा हात फिरवून मांडायची असे. गर्दी जमली की हुजुरांनी कोट सावरून मागच्या दाराने निघायचे. शेतातले बुजगावणे पाखरे हाकलते; हे पाखरे बोलावणारे होते, एवढाच फरक.

हुजुरांनी हे काम फार मनावर घेतले. थोड्याच दिवसांत त्यांना पाहून माणसे खरोखर आत शिरू लागली. बाई एकदा म्हणाल्या, “काका, तुमच्या चेहऱ्यात काहीतरी जादू आहे. ताटलीकडे तुम्ही असं बघता ना, की रस्त्यावरच्याला भूक लागते.”

हुजुरांनी ते आपल्या व्यक्तिमत्त्वाच्या खात्यावर जमा केले. खरे कारण त्यांच्या कोटाच्या आतल्या बाजूस होते. दुपारच्या चहानंतर त्यांच्या पोटात काही जात नसे आणि समोर भरलेली ताटली असे. उपाशी माणूस अन्नाकडे जसे पाहतो तसेच ते पाहत होते. त्याला जादू म्हणणे हे फक्त भरल्या पोटी सुचते.

पण बायकोला, ‘मी काचेत बसतो,’ असे सांगायचे कसे? घरी येऊन त्यांनी सांगितले की त्या उपाहारगृहाचे मालक आपल्याकडून कोट घेत असत, ओळख जुनी आहे, आणि पदार्थांवर सल्ला देण्यासाठी त्यांनी आपल्याला रोज जेवायला बोलावले आहे. महिन्याच्या शेवटी जे हातावर पडे त्याला ते ‘मानधन’ म्हणत. मग ओघानेच आले की घरी जेवायचे नाही. काकूंनी ताट वाढले की ते कोट खुंटीला लावत म्हणत, “नको. आज रिसोटो जरा जड झाला.”

आणि काकू झोपल्या की हुजूर अंधारात स्वयंपाकघरात जाऊन भांड्याच्या तळाशी राहिलेले उकडलेले बटाटे चोरासारखे खात.

काकूंना संशय तळमजल्यावरच्या मांजरीचा आला. त्या भांडायला खाली गेल्या. तळमजल्यावरची बाई त्यांना पुरून उरणारी होती.

“आमची मांजर माशाशिवाय कशाला तोंड लावत नाही,” ती म्हणाली. “तुमचे बटाटे खायला तिला काय वेड लागलंय?”

“मग खातं कोण? सकाळी झाकण तर जागच्या जागी असतं.”

“ते तुमचं तुम्ही बघा. मांजर झाकण काढून खाते ते ऐकलंय. खाऊन झाल्यावर झाकण परत ठेवणारी मांजर मी तरी पाहिली नाही.”

काकू हे बोलणे घेऊन वर आल्या, पण त्यांनी त्यावर विचार केला नाही. कारण त्याच आठवड्यात पंख्याचे प्रकरण घडले.

काकूंना एक धाकटी बहीण होती. तिचा नवरा, म्हणजे हुजुरांचा साडू, पंखे आणि कूलर विकून गबर झालेला. हवा विकून माणूस फुगतो तसा तो फुगलाही होता. त्याच्या घरी काकू गेल्या की तो त्यांना काहीतरी जुने देई आणि देताना चार माणसांना ऐकू जाईल असे बोले. या खेपेला त्याने एक वापरलेला टेबलपंखा दिला. “न्या, ताई. थोडा आवाज करतो, पण साडूभाऊंच्या बोलण्यापेक्षा कमी.” सगळे हसले. धाकटी बहीणही हसली, आणि मग तिने खाली पाहिले. काकू पंखा काखेत मारून घरी आल्या, तो शिवणयंत्राखाली सरकवला आणि हुजुरांची वाट पाहत बसल्या.

“अहो, ऐकलंत? मला एक मागायचंय.”

“माग की.”

“लग्न झाल्यापासून मी तिच्या घरी पाहुणी म्हणून जाते. माझ्या घरी ती येते, तेव्हाही तिचा नवरा वाटेत काहीतरी बांधून आणतो, का तर इथे काय मिळणार! एकदा, फक्त एकदाच, मला त्या दोघांना जेवायला घालायचंय. तुमच्या त्या हॉटेलात. मी यजमानीण. त्यांनी तोंड पुसून उठायचं आणि मला म्हणायचं, ‘ताई, पोट भरलं.’ बस्स. दुसरं काही नको.”

हुजुरांनी खुंटीवरचा कोट उगाच सारखा केला. “बघतो,” ते म्हणाले.

“बघताय काय? रोज उठून रिसोटो खाता. मालक तुमचे मित्र. की नाहीत?”

“आहेत तर.”

“मग शनिवारी.”

आता या ठिकाणी एखाद्या शहाण्या माणसाने बायकोसमोर कान पकडले असते आणि प्रकरण मिटवले असते. हुजूर मात्र दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंसमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना ‘शोभतो बरं का’ म्हणत आलेल्या माणसाला स्वतःचे उघडे पडलेले अंग पाहण्याची हिंमत होत नाही.

बाईंनी विनंती ऐकून घेतली आणि मनातल्या मनात खुर्च्या मोजल्या.

“काका, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून आलात तर खिडकीत कोण बसेल? एक काम करा. चौघेही खिडकीतच बसा. कुटुंब दिसतं, बरं दिसतं. गर्दी होईपर्यंत आपलं नेहमीचं मांडू, मग खरं जेवण आणू. तुम्ही फक्त तोवर त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवा. कुणी पेल्याला तोंड लावता कामा नये.”

“माझे नातेवाईक आहेत,” हुजूर म्हणाले. “घाई करणारी माणसं नाहीत ती.”

साडूला ओळखणाऱ्या माणसाने हे वाक्य शुद्धीत उच्चारले असेल यावर विश्वास बसत नाही.

शनिवारी काकूंनी ठेवणीतले नेसले. दुकानातल्या विजारी त्या दिवशी यंत्रावर तशाच पडल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी तळमजल्यावरच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “चला, उशीर होतोय, मालक वाट बघत असतील,” असे म्हटले. तेवढे सुख त्यांनी आगाऊ घेऊन ठेवले.

उपाहारगृहात बहीण आणि साडू आधीच आले होते. साडू दारातल्या उघड्या विटांवर बोट फिरवून पाहत होता. “काम अर्धवटच राहिलंय,” तो म्हणाला, मग दाराबाहेरून पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर कौतुक दिसले म्हणून त्याने सुधारणा केली, “म्हणजे, मुद्दाम. परदेशात असंच असतं.” चौघे खिडकीत बसले. काकूंनी बहिणीला रस्ता दिसेल अशी खुर्ची दिली, स्वतः तिच्या शेजारी बसल्या. हुजूर आपल्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या कोनात बसले, म्हणजे अर्धे पाहुण्यांकडे आणि अर्धे रस्त्याकडे. चार उंच पेले आले, चार चकाकत्या ताटल्या आल्या.

“तर मंडळी,” हुजूर घाईघाईने म्हणाले, “आधी या वास्तूचा थोडा इतिहास सांगतो...”

“इतिहास राहू द्या,” साडू म्हणाला, आणि पेला उचलून त्याने एका दमात अर्धा केला.

हुजुरांचा काटा हवेत थांबला. साडूने ओठांवर जीभ फिरवली, कपाळाला आठी घातली, आणि त्याच्या डोळ्यांत एक क्षणभर शंका तरळली. बीट उकळलेले पाणी बीट उकळलेल्या पाण्यासारखेच लागते. परंतु पलीकडच्या टेबलाशी नुकतीच एक ऐटदार जोडी येऊन बसली होती आणि ती साडूकडेच पाहत होती. अशा वेळी ‘हे काय आहे?’ असे विचारणारा माणूस गावंढळ ठरतो.

“वा!” साडू म्हणाला. “चढतंय हं. एकदम डोक्यात.”

“जपून,” हुजूर पुटपुटले.

“जपून कसलं? पचवणारा माणूस आहे मी. गोड नाही, कडू नाही, हेच तर खरं उंची. ते स्वस्तातले असतात ते गोड.” त्याने उरलेला पेला रिकामा केला आणि बर्फाचा खडा दाढेखाली घेतला. कट्ट असा आवाज झाला. खडा फुटला नाही. साडूने तो गालात इकडून तिकडे फिरवला, पुन्हा चावला, आणि शेवटी रुमालात काढून घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

“बर्फ फार कडक आहे.”

“इटालियन बर्फ,” हुजूर म्हणाले. “तिकडे तसाच लागतो.”

“मला माहितेय,” साडू म्हणाला. “तरीच.”

एव्हाना काकूंनीही आपला पेला ओठांना लावला होता. स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला बीट कळायला घोट लागत नाही. त्यांनी पेला खाली ठेवला. ताटलीतला एक पास्ता काट्याने उलटून पाहिला. वरून चकाकणारा, खालून वाळलेला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. हुजूर नेहमीप्रमाणे काटा फिरवीत होते, ओठांपर्यंत नेत होते, रस्त्याकडे पाहून हसत होते आणि खाली ठेवत होते. एकदा. पुन्हा. इतक्या सफाईने, की ते सवयीचे काम आहे हे आंधळ्यालाही दिसावे. काकूंच्या चेहऱ्यावरचा ठेवणीतला आनंद जागच्या जागी थिजला.

बहीण त्यांच्याकडे झुकली आणि कुजबुजली, “ताई, हे पाणी आहे का गं?”

काकूंच्या त्या संध्याकाळचे सगळे त्या एका प्रश्नावर येऊन टेकले होते. हो म्हणावे तर पंख्यासारखी ही गोष्टही जन्मभर काखेत वागवावी लागणार. नाही म्हणावे तर बहीण काही दूधखुळी नव्हती. समोर साडू खुर्चीत मागे रेलून शेजारच्या जोडीला सांगत होता, “मी म्हणतो, दुसरा पेला घेऊच नका. पहिल्यातच माणूस तरंगतो. मला बघा.” आणि तो खरोखर थोडासा डुलत होता. पाण्यावर.

“बिटाचं पाणी आहे,” काकू हळूच म्हणाल्या. “गप पी. तुझा नवरा किती खूश आहे बघ.”

बहिणीने नवऱ्याकडे पाहिले. मग ताईकडे. मग तिने पदराने तोंड दाबले, पण खांदे हलायचे थांबेनात. काकूंनी तिला कोपराने ढोसले आणि स्वतःच फसकन हसल्या. लहानपणी एका पांघरुणात झोपताना हसत असतील तशा त्या दोघी हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साडूला वाटले, बायकांनाही चढली. तो आणखी मोठ्याने हसला. हुजुरांना काय करावे सुचेना, म्हणून तेही हसले.

रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांनी काचेतून पाहिले: एक सुखी कुटुंब, रंगीत पेले, भरल्या ताटल्या, हसून हसून बेजार झालेल्या बायका. एवढा आनंद आत फुकट सांडत असताना बाहेर कोण थांबतो? दाराशी रांग लागली. बघता बघता सगळी टेबले भरली, आणि मॅनेजरबाई लगबगीने खिडकीपाशी आल्या.

“काका, फारच छान झालं. पण आता टेबल लागणार आहे. बाहेर लोक उभे आहेत. तुमच्या जेवणाचं पुढच्या आठवड्यात बघू या का?”

हे बोलणे त्यांनी हुजुरांच्या कानाशी केले. काकूंच्या कानालाही ते पोचले. साडू शेजारच्या टेबलाला कूलरचे फायदे समजावून सांगत होता. हुजूर उठू लागले. उठायची वेळ झाली की उठणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. काकूंनी त्यांच्या कोटाचे टोक धरून त्यांना खाली बसवले.

“बाई,” त्या म्हणाल्या. आवाज न चढवता, शेगडीकडे एक डोळा ठेवून बोलल्यासारख्या. “तुमची खिडकी भरली. आता आमची पोटं भरा.”

“मावशी, जरा समजून घ्या...”

“समजून घेतलंच आहे. सगळं. आता मी उभी राहून या भरल्या खोलीत मोठ्यानं विचारू का, कुणाकुणाच्या पेल्यात काय आहे? तुम्ही सांगाल, बाकीच्यांचं खरं आहे म्हणून. पण इथला एक तरी माणूस घोट घेण्याआधी वास घेतल्याशिवाय राहील का?”

बाईंनी काकूंचे माप घेतले. कोणत्याही खुर्चीत बसेल असे ते माप नव्हते. त्या स्वयंपाकघराकडे वळल्या, आणि खरे जेवण आले. गरम, वाफाळते, वास येणारे. खरी कॉकटेलेही आली. साडूने नवा पेला उचलला, घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

“हे पहिल्यासारखं नाही,” तो म्हणाला. “यात दम नाही. मघाचं असेल तर तेच आणा.”

बहिणीला ठसका लागला. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

हुजूर मात्र गरम पास्त्यासमोरही काटा फिरवीतच राहिले. ओठांपर्यंत, हसू, खाली. काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. “अहो. हे खरं आहे. खा.” तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. मग कोट, कोन आणि रस्ता विसरून ते असे जेवू लागले की ताटलीची नक्षी निघून येईल. ताटलीत रस्सा उरला तो त्यांनी पावाने पुसला, मग बोटाने. काकू आपला काटा हातात धरून पाहत राहिल्या, आणि त्यांना झाकण परत ठेवणारी मांजर समजली.

निघताना बहीण म्हणाली, “ताई, पोट भरलं. इतकं मी कितीतरी वर्षांत हसले नव्हते.” मागितलेले सगळे पदरात पडले होते, मागितल्यापेक्षा थोडे जास्तच. त्यानंतर बहीण दर आठवड्याला एकटीच येऊ लागली. यंत्राशेजारी बसून दोघी नवऱ्यांच्या नकला करीत, आणि तो टेबलपंखा तोंडाशी घेऊन साडूसारखा घरघरता आवाज काढत. साडूने मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, की अमुक ठिकाणचे लाल कॉकटेल जपून घ्या, माझ्यासारख्याचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके धरले होते.

घरी आल्यावर हुजूर बोलणी खायला तयार होऊन बसले. काकूंनी एकच सांगितले. “उद्यापासून इथं जेवायचं, मग तिथं उपाशी बसायला जायचं. सल्लागारसाहेब, कळलं?”

तसे सुरू झाले. दिवेलागणीपूर्वी काकू त्यांना पोटभर वाढत आणि मगच कोट हातात देत. हुजुरांचे गाल भरले. कोटाची गुंडी जरा ओढून लावावी लागू लागली. काचेमागे ते पूर्वीसारखेच बसत, काटा फिरवत, हसत. पण रस्त्यावरची माणसे आता नुसती पाहून पुढे जाऊ लागली. महिना संपायच्या आत मॅनेजरबाईंनी त्यांना बाजूला घेतले.

“काका, रागावू नका. पण हल्ली तुम्ही ताटलीकडे बघतच नाही. आधी तुमच्याकडे बघून भूक लागायची. आता तुम्हाला बघून जांभई येते.”

हुजुरांनी घरी येऊन हे शब्दशः सांगितले. काकूंनी यंत्र थांबवले. “म्हणजे माझ्या नवऱ्याच्या रिकाम्या पोटावर त्यांचं दुकान चालत होतं,” त्या म्हणाल्या, “आणि मला वाटायचं, तुमच्या कोटावर.” मग त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केले.

काही दिवसांनी संध्याकाळी दोघे फिरायला निघाले आणि त्या कोपऱ्यावरून गेले. खिडकीत नवा माणूस होता. वयस्क, चष्मा लावलेला, गळ्याची शीर दिसणारा. कोट उसना असावा, खांदे उतरत होते. पण तो ताटलीकडे असा पाहत होता की काकूंनी मान वळवली. एक तरुण जोडपे काचेशी थबकले होते.

“बघ ना, किती चवीनं जेवतायत आजोबा,” मुलगी म्हणाली. “इथंच जाऊ या?”

हुजुरांनी कॉलर सावरली. घसा साफ केला. काकूंनी त्यांचा दंड धरण्यापूर्वीच ते एक पाऊल पुढे झाले होते.

“अवश्य जा,” ते भारदस्त आवाजात म्हणाले. “उत्तम जागा आहे. मी स्वतः येथे रोज जेवत असे. रिसोटो मात्र जरा जड पडतो.”

जोडपे नम्रपणे हसले आणि आत शिरले. काचेमागच्या माणसाने काटा ओठांपर्यंत नेला, हसून खाली ठेवला.

“चला, हुजूर,” काकू म्हणाल्या. “मांजरीची जेवायची वेळ झाली.”